चैत्राच्या ओलीत हा लाँग

दिवस पहिला : हनोई

हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं आणि आई उंबऱ्यातच थांबली. "आत्ताच कुणी लादी पुसून गेलंय वाटतं," म्हणत तिने चपला बाहेर काढल्या आणि पाय टेकवला. लादी ओलीच होती. भिंतीला हात लावून पाहिला, तर तीही ओली. आरशावर वाफ धरली होती आणि कपाटाच्या काचेवरून थेंबांच्या बारीक रेघा खाली उतरत होत्या. मी टॉवेलने फरशी पुसली. पाच मिनिटांत ती पुन्हा पाणावली.

आई मूळची रत्नागिरीकडची, समुद्राला लागून असलेल्या गावातली. लग्न होऊन पुण्याला आल्याला पन्नास वर्षं होत आली, पण ओल म्हणजे काय हे तिला कुणी सांगावं लागत नाही. "पाझर सुटलाय फरशीला," ती म्हणाली. "आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी एखाद दिवस व्हायचं असं. पण इतकं नाही बाई."

मग सवयीप्रमाणे तिने खोलीची खिडकी सताड उघडली, हवा खेळू दे म्हणून. पाणी ठेवायला आलेली मुलगी धावत गेली आणि तिने ती लावून घेतली. खुणा करत, मोडक्या इंग्रजीत तिने समजावलं की या दिवसांत खिडकी उघडली तर ओल बाहेर जात नाही, उलट आत येते. या हवेला ते 'नोम' म्हणतात. हिवाळाभर चीनकडून कोरडं, गार वारं येत असतं. फेब्रुवारी संपता संपता तेच वारं समुद्रावरून वळसा घालून यायला लागतं आणि बरोबर बाष्प घेऊन येतं. थंडीत गारठलेल्या भिंती-फरश्यांना ही दमट हवा लागली की तिचं पाणी होतं. एप्रिलपर्यंत मधूनमधून असे दिवस येतात आणि तेव्हा हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. गंमत म्हणजे उकाडा अजिबात नसतो. जेमतेम वीस-बावीस अंश. आपल्याला घाम येत नाही, फरशीला येतो.

खरं सांगते, मी धास्तावले होते. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात, तिथली बेटं पाहायला जायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, असं भेटेल तो सांगत होता. मार्चअखेरीस धुकं असतं, समुद्र निळा दिसत नाही, बोटी अडकून पडतात. पण मला रजा तेव्हाच मिळत होती, आणि आईला ऊन सोसत नाही. तिकिटं काढून टाकली. ई-व्हिसाला २५ डॉलर भरले आणि चार दिवसांत तो हातात आला.

रात्री आईने बॅगेतला चिवड्याचा डबा उघडला. सकाळी घरून निघताना कुरकुरीत असलेला चिवडा पार सादळला होता. तोच खाल्ला आणि झोपलो.

दिवस दुसरा : धुक्यातली बोट

हनोईहून हा लाँग अडीच तासांवर. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना भातशेती. आकाश आणि शेत यांच्यामध्ये रेघ म्हणून नव्हतीच, सगळं एकाच राखाडी पाण्यात कालवल्यासारखं. पाऊस म्हणावा तर काच ओली होत होती आणि थेंब मात्र दिसत नव्हते. या भुरभुरीला तिथे 'मुआ फुन' म्हणतात.

हाय फाँग शहर मागे टाकल्यावर एक लांबलचक पूल लागला आणि खाली रुंद, गढूळ नदी. ही बाक दांग. आमचा गाइड, पंचवीस-सव्वीसचा असेल, पुढच्या सीटवरून वळून सांगायला लागला. इ. स. ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनापतीने इथल्या नदीच्या तळात लोखंडी टोकांचे मोठाले खांब रोवले. भरतीत खांब पाण्याखाली गेले, चिनी आरमाराला हुलकावणी देऊन आत ओढलं आणि ओहोटी लागताच जहाजं त्या खांबांवर अडकून फुटली. साडेतीनशे वर्षांनी, १२८८ मध्ये, चान हुंग दाओने मंगोलांच्या आरमाराला याच नदीत याच युक्तीने बुडवलं. त्यांतले काही खांब अजून चिखलात उभे आहेत.

आईने खाली पाहिलं. दोन्ही काठांना चिखल उघडा पडला होता. "आत्ता ओहोटीच चाललीय," ती म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "आज अष्टमी. म्हणजे पूर्ण भरती सहाला."

कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, कारण भरती दिवसातून दोनदा. मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "आमच्याकडे दिवसातून एकदाच येते."

आईला वाटलं मी चुकीचं भाषांतर केलं. मी पुन्हा विचारलं. एकदाच. सुमारे बारा तास पाणी चढतं, बारा तास उतरतं. आई काही बोलली नाही. पण तिचा विश्वास बसला नाही हे मला कळलं. सत्तरीच्या बाईला समुद्र दिवसातून एकदाच येतो म्हणून सांगणं म्हणजे सूर्य एकाआड एक दिवस उगवतो म्हणून सांगण्यासारखं होतं.

तुआन चाउच्या बंदरावर दीड तास बसून राहिलो. दृष्टी पोहोचेना म्हणून बंदर खात्याने बोटी सोडायच्या थांबवल्या होत्या. गार समुद्रावर ऊबदार दमट हवा सरकली की हे धुकं धरतं आणि वारा सुटेपर्यंत हलत नाही. लोक वैतागले होते. मला त्या अधिकाऱ्यांबद्दल आदरच वाटला. शेकडो पर्यटक तक्रार करत असताना 'नाही' म्हणायला धीर लागतो.

एकच्या सुमारास सोडलं. पांढरी बोट, दोन मजली. इथल्या सगळ्याच बोटी पांढऱ्या, २०१२ मध्ये तसा नियमच केला गेला. जुने फोटो पाहिलेत त्यांना लाकडी तपकिरी होड्या आठवतील. धुक्यात त्या किती शोभल्या असत्या असं मला राहून राहून वाटलं. पिण्याचं पाणी मात्र काचेच्या बाटल्यांतून होतं, एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बोटींवर चालत नाही.

पहिली वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. इंजिनाचा आवाज, समोर कापसासारखा पांढरा पडदा. आणि मग, काही चाहूल न देता, डाव्या हाताला एक सुळका आला. आधी नुसती सावली, मग कडा, मग कड्यावरची झुडपं. तो मागे सरकतोय तोवर त्याच्या पलीकडे दुसरा, थोडा फिकट. त्याच्यामागे तिसरा, आणखी फिकट. सातवा-आठवा कुठला आणि धुकं कुठलं हे सांगता येत नव्हतं. आई कठड्याला धरून उभी होती. तिने फोटो काढले नाहीत, मलाही काढू दिले नाहीत. "बघ गं आधी," एवढंच म्हणाली.

हा लाँग म्हणजे उतरता ड्रॅगन. शत्रू चालून आला तेव्हा आकाशातून ड्रॅगन उतरले, त्यांनी तोंडातून रत्नं फेकली आणि त्यांची ही बेटं झाली अशी कथा आहे. १,५५३ चौरस किलोमीटरच्या उपसागरात १,९६९ बेटं मोजली आहेत. त्यांतल्या हजारेकांनाच नाव आहे. युनेस्कोने १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रासाठी याला जागतिक वारसा म्हटलं, आणि २०२३ मध्ये शेजारचं कात बा बेटही त्यात घेतलं.

मध्येच गाइडने खिशातून दोन लाख दाँगची नोट काढली आणि समोर धरली. नोटेवर जो खडक छापलाय तोच पुढ्यात होता, खाली बारीक आणि वर पसरट. त्याचं नाव धूपदाणीवरून पडलंय. "धुपाटणं!" आई म्हणाली. भोवती धुकं असं वळत होतं की त्यातूनच धूर निघतोय असं वाटावं. निळ्या आकाशाखाली त्या खडकाला हे नाव कुणाला सुचलं नसतं.

तीनच्या सुमारास सुंग सोत गुहा. नावाचा अर्थ आश्चर्य. फ्रेंचांनीही तिला हेच नाव ठेवलं होतं. वर चढून जायच्या पायऱ्या बुळबुळीत, आईला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने गाइडने धरलं. तो तिला 'बा' म्हणायला लागला होता. बा म्हणजे आजी. त्यांच्या भाषेत 'तुम्ही' म्हणायला नात्याचंच नाव लागतं, समोरच्याचं वय पाहून काका, ताई, आजी असं काहीतरी ठरवल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. आईला ते फार आवडलं.

आत पहिलं दालन ओलांडल्यावर दुसरं एकदम उघडतं, एखाद्या नाट्यगृहापेक्षा मोठं. छतावर लाटांसारखे खळगे. सगळीकडे थेंब टपकत होते. मला तिथले रंगीत दिवे खटकले. त्या दगडाला स्वतःचा रंग आहे, त्यावर हिरवा-जांभळा झोत कशाला. पण एका कोपऱ्यात दिवा बंद पडला होता आणि तिथे मी बराच वेळ थांबले. छतातून बोटाएवढा एक लवणस्तंभ लोंबत होता. टोकाशी थेंब जमायचा, फुगायचा, थरथरायचा, आणि पडायच्या आधी क्षणभर पूर्ण स्थिर व्हायचा. मग टप्. खाली त्याच जागी वाटीएवढा गुळगुळीत उंचवटा तयार झाला होता.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. गुहेच्या मोकळ्या हवेत तो वायू निघून जातो आणि थेंबातला चुना तिथेच बसतो. एका थेंबामागे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही एवढा. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, खाली कोकणात जांभा; असा पाण्यात विरघळणारा डोंगर आपल्या ओळखीचा नाही. पंचवीस ते चौतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, ऊबदार समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे थर साचून हा दगड झाला. पुढे तो वर उचलला गेला, पावसाने त्याचे सुळके कोरले, आणि शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा दऱ्यांत पाणी भरून सुळक्यांची बेटं झाली.

हे मी आईला सांगत होते. तिने भिंतीला तळवा लावला. "आमच्याकडे शिंपले भाजून चुना करायचे," ती म्हणाली. "घराला तोच. पानालाही तोच. म्हणजे हे सगळे शिंपलेच की."

ती तॉप बेटावर आई वाळूतच बसली. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव १९६२ मध्ये हो चि मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता, त्याचंच हे नाव, व्हिएतनामी जिभेवर बसलेलं. चारशेवर पायऱ्या चढून मी वर गेले. पोस्टकार्डावर जिथून शंभर बेटं दिसतात तिथून मला सहा दिसली. मी सहाही नीट पाहिली.

साडेपाचला बोटीने एका कड्याच्या आडोशाला नांगर टाकला. कड्याच्या पायथ्याशी समुद्राने दगड आत खाऊन त्याची कंबर बारीक केली होती. या सगळ्याच बेटांना पाण्याच्या रेषेवर अशी खाच आहे, जणू खालून कुणी कोरत आणलंय. खाचेला कालवं चिकटली होती, राखाडी-पांढऱ्या धारदार कडांची. आईने ती लगेच ओळखली. लहानपणी खडपावर कोयतीने फोडायला जायची ती. खाचेच्या वर देवळीसारखा एक कोनाडा होता. "सहाला पूर्ण भरती, तर पाणी त्या कोनाड्याच्या खालच्या कडेपर्यंत येईल, आणि मग उतरेल," तिने जाहीर केलं.

सहाला पाणी खरंच खालच्या कडेला टेकलं. आई माझ्याकडे पाहून हसली.

सातला ते कोनाड्यात शिरलं. आठला जेवण होतं, मसाला घालून तळलेल्या माकुलाच्या वड्या, हा लाँगची खासियत. आईने दोन खाल्ल्या आणि पुन्हा कठड्याशी गेली. खलाशाकडून मोठी बॅटरी मागून घेतली. नऊला कोनाडा अर्धा. दहाला कोनाडा दिसेनासा झाला होता, कालवं तर केव्हाच बुडाली होती, आणि पाणी अजून चढत होतं. ओली चादर खांद्यावर ओढून ती तिथेच खुर्ची टाकून बसली. मी म्हटलं, "आई, झोप आता." तर म्हणाली, "थांब गं. हे खरं सांगत होतं पोर."

दिवस तिसरा : रामनवमी

सकाळी सहाला मी डेकवर आले तेव्हा आई आधीच तिथे. कोनाड्याची वरची कड पाण्याबाहेर आली होती. रात्री एकच्या सुमारास पाणी वळलं असं खलाशाने तिला खुणेने सांगितलं होतं.

असं का, हे मी नंतर समजून घेतलं. चंद्र-सूर्याच्या ओढीत दोन ताल असतात, एक दिवसातून दोनदाचा आणि एक दिवसातून एकदाचा. बहुतेक किनाऱ्यांवर पहिला जोरकस. पण हा लाँग ज्या टाँकिनच्या आखातात आहे, त्याची लांबी आणि खोली अशी की त्याचा स्वतःचा हिंदकळण्याचा वेळ दिवसाच्या तालाशी जुळतो. झोका त्याच्या लयीत ढकलला की उंच जातो, तसं इथे एकदाचाच ताल वाढतो आणि दोनदाचा विरून जातो. म्हणून इथे मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला धरून येत नाही, चंद्र विषुववृत्तापासून जास्तीत जास्त उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो तेव्हा येतं. तो विषुववृत्त ओलांडतो त्या दिवसांत पाणी जेमतेम हलतं. न्यूटनही या टाँकिनच्या भरतीचा उलगडा करायला बसला होता. आईच्या तिथीच्या हिशोबात चूक नव्हती. तो हिशोब दुसऱ्या समुद्राचा होता.

साडेसातला हांग लुओन ही गुहा. बांबूच्या नावेत आम्ही चौघे, वल्हवणारी बाई टोकाला उभी. कड्याच्या पोटात एक बुटकी कमान आहे, तिच्यातून नाव आत शिरते. डोकं खाली घालावं लागलं नाही, पण हात वर केला असता तर दगड फार लांब नव्हता. कमानीच्या ओल्या पट्ट्यावरून कळत होतं की रात्री पाणी बरंच वर होतं. पलीकडे गेलो आणि बाईने वल्हं उचलून धरलं.

चहूबाजूंनी उभे कडे. मधे गोल, हिरवं, पूर्ण निश्चल पाणी. वारा नाही. पाऊस नव्हता, तरी सगळीकडे थेंब पडत होते. धुकं झाडांच्या पानांवर जमत होतं, पानाच्या टोकाशी थेंब होत होता, आणि तो खाली पाण्यात पडत होता. वरून शेकडो पानं, खाली शेकडो वर्तुळं. काल गुहेत पाहिला तोच थेंब, इथे उघड्यावर. कुणी बोललं नाही. कड्यावर दोन माकडं अंग चोरून बसली होती, केस चिंब. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आम्ही चुकीच्या महिन्यात आलेलो नाही. या जागेचं काम चालू असताना आलो आहोत. ऑक्टोबरात येणाऱ्याला ती काम आटोपून बसलेली भेटते.

परतताना गाइडने आजीची गोष्ट सांगितली. ती कुआ वानला, तरंगत्या गावात, होडीवर जन्मली. २०१४ मध्ये तिथल्या कुटुंबांना जमिनीवर घरं देऊन हलवलं. मुलांना शाळा मिळाली, वादळाची भीती गेली. पण आजीला पहिले कित्येक महिने झोप लागत नव्हती, कारण पलंग हलत नव्हता. आईने हे ऐकून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी कात बाला जाणाऱ्या फेरीची वाट पाहत बाकावर बसलो होतो. आईने घड्याळ पाहिलं. "बारा कुठले धरायचे, इथले की घरचे?" मग तिनेच ठरवलं, घरचे. म्हणजे इथले दीड. बरोबर दीडला तिने पर्समधून स्टीलची डबी काढली, डोळे मिटून हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत पाळणा म्हटला. डबीतल्या सुंठवड्याचा ओलीने एकसंध गोळा झाला होता. चमच्याने फोडावा लागला. मला दिला, गाइडला दिला, शेजारी टोपलीत कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईलाही दिला. त्या बाईने वास घेतला, "आलं," असं आपल्या भाषेत म्हणाली असावी, आणि दोन्ही हातांनी पाठ दुखण्याची खूण केली. तिच्याकडेही बाळंतिणीला आलं देतात का, हे विचारायला आमच्यात भाषा नव्हती. आईने डबीतला उरलेला गोळा तिच्याच हातावर ठेवला.

गाइडचा निरोप घेतला. फेरी तासाभराची. कात बावर पोहोचेपर्यंत अंधारून आलं.

दिवस चौथा : चाळीस मिनिटांचं ऊन

सकाळी लान हा उपसागर. हा लाँगचाच दक्षिणेकडचा भाग म्हणावा, बेटं तीच, गर्दी कमी. मत्स्यपालनाच्या तरंगत्या पिंजऱ्यांवर कुत्री पहारा देत होती. काही टेकड्यांच्या माथ्यावर मोडलेले, पांढरे पडलेले बुंधे दिसले. २०२४ च्या सप्टेंबरात यागी हे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं होतं. बुंध्यांच्या तळाशी नवा पाला धरत होता.

कात बाचे लंगूर जगात फक्त याच बेटावर आहेत, शंभराच्या आत उरलेत. पिल्लं केशरी रंगाची जन्मतात. आम्हाला एकही दिसला नाही. होडीवाल्याने एका कड्याकडे बोट दाखवून कुजबुजत सांगितलं की ते तिथे असतात, आणि आम्ही त्या कड्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

साडेअकराला वारा सुटला. धुकं फाटलं, ऊन पडलं. होडीतले सगळे एकदम ओरडले, मोबाइल बाहेर आले. पाणी पाचूसारखं झालं, आकाश निळं. मीही भराभर फोटो काढले. आणि मग लक्षात आलं की बेटं एकमेकांना चिकटली आहेत. धुक्यात दहा पडदे एकामागे एक उभे होते. उन्हात सगळे एकाच हिरव्या रंगाचे होऊन एक सलग भिंत झाली. कुठलं जवळ, कुठलं लांब, कळेना. आईला विचारलं, तर म्हणाली, "छान आहे. पण कालचं खोल होतं."

चाळीस मिनिटांनी पुन्हा मळभ आलं. मी मोबाइल ठेवून दिला. एरवीही उपयोग नव्हता, एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर रोज अर्धा तास वाफ धरायची. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी कॅमेरा बाहेर निघायच्या आधीच दमट हवेत ठेवून द्यावा. आणि सुती कपडे नेऊ नयेत. आईचे दोन सुती पंजाबी ड्रेस तीन दिवस दोरीवर होते, शेवटी ओलेच घडी करून पिशवीत भरले.

संध्याकाळी युद्धकाळातलं गुहेतलं इस्पितळ पाहिलं. १९६३ ते १९६५ या काळात डोंगराच्या पोटात काँक्रीटच्या खोल्या उभारून केलेलं. काँक्रीटच्या छतालाही त्या साठ वर्षांत लवणाचे बारीक कोंब फुटले होते. मी बोट लावलं नाही.

दिवस पाचवा : परत

निघायचं होतं म्हणून की काय, सकाळपासून हवा कोरडी. हॉटेलची फरशी पहिल्यांदा कोरडी लागली. आईने तिच्यावरून उगाच दोन फेऱ्या मारल्या.

अकराच्या सुमारास फेरीच्या धक्क्यावर आलो. गाड्या चढत होत्या, स्कूटरवर कोंबड्यांचे पिंजरे, एकाच्या मागे बांधलेलं मोसंब्याचं रोप. आई रांगेतून बाहेर पडून उताराच्या कडेला गेली. काँक्रीटच्या उतारावर खालचा पट्टा काळाशार ओला होता, त्याच्या वर कोरडा पांढरा. ओल्या पट्ट्यावर हिरवं शेवाळ आणि काही चुकार कालवं. लाट आली, परत गेली, आणि काळ्या पट्ट्याच्या खाली आणखी बोटभर उघडं पडलं.

"उतरतंय," ती म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं, बोटांवर मोजलं, पाऊणपट केली नाही. "मध्यरात्रीनंतर वळलं असेल. आता दुपारी तीनपर्यंत असंच."

भोंगा वाजला. मी तिची बॅग उचलली, ती ओल्या कपड्यांनी नेहमीपेक्षा जड झाली होती.